गाडीचा ॲल्युमिनियम पत्रा उघडा केलाय? प्रायमरपर्यंत काय काय करायचं, क्रमाने

सगळ्यात आधी एक लोहचुंबक घ्या, फ्रिजवर लावतात तो पण चालेल, आणि ज्या भागाचं काम करायचंय त्याला लावून बघा. चिकटला तर पत्रा लोखंडी, मग हे सगळं तुमच्यासाठी नाही. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम असेल, किंवा फायबर असेल, किंवा आधीच्या मालकाने जाडजूड पुट्टी थापून ठेवली असेल, म्हणून आतल्या बाजूनेही लावून बघा.

आपल्याकडे ही वेळ मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांवर येते. एक म्हणजे जुनी सिरीज लँड रोव्हर किंवा जुनी डिफेंडर बाळगणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्टीलची टंचाई होती, म्हणून १९४८ च्या पहिल्या लँड रोव्हरचं अंग बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं केलं गेलं आणि पुढे तेच चालू राहिलं. चासी आणि पुढचं बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत, मात्र लोखंडीच. दुसरे म्हणजे सेकंडहँड जग्वार, रेंज रोव्हर, ऑडी ए८ अशा गाड्या घेतलेले, ज्यांना बॉनेटला खरचटलं की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट बघून घाम फुटतो आणि मग ते गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे येतात. तिथे हमखास ऐकायला मिळतं, "साहेब पत्रा म्हणजे पत्रा, दोन दिवसांत देतो."

पत्रा म्हणजे पत्रा नसतो हो. आपल्याकडचे पेंटर हाताने फार चांगले असतात, पण हाताला सवय लोखंडाची. लोखंड घासून ठेवलं, मध्ये चहा झाला, लाईट गेली, दुसऱ्या दिवशी प्रायमर मारला तरी निभावतं, फार तर थोडा गंज पुसावा लागतो आणि तो डोळ्यांना दिसतो तरी. ॲल्युमिनियम घासलं की त्याच क्षणी त्यावर ऑक्साईडचा पातळ थर यायला लागतो, तो दिसत नाही, आणि हवेतला दमटपणा, धूळ, हाताचं तेल हे सगळं त्यावर बसत जातं. त्या थरावर मारलेला रंग सुरुवातीला झकास दिसतो आणि एखाद्या पावसाळ्यानंतर कडेला नख लावलं की पापुद्रा निघतो, खाली धातू एकदम स्वच्छ. किंवा मग रंगाखाली गांडुळासारख्या बारीक वळवळत्या रेघा पसरतात, दगड लागून टवका उडाला असेल तिथून सुरू होतात. मुंबई, रत्नागिरी, गोवा, जिथे हवेत मीठ आहे तिथे हे फार लवकर होतं.

म्हणून पूर्ण कामात सांभाळायची मुख्य गोष्ट म्हणजे शेवटचं घासणं आणि पहिला प्रायमर यातलं अंतर. बाकी सगळं त्याच्या भोवती लावायचं.

१. खरंच उघडं करायची गरज आहे का ते ठरवा

नवीन बॉनेट किंवा फेंडर कंपनीकडून आणलाय आणि तो काळा किंवा करडा आहे? तो फॅक्टरीत बुडवून, विजेच्या सहाय्याने बसवलेला ई-कोट असतो, आणि त्याच्याइतकं चांगलं प्रायमर तुम्ही किंवा मी अंगणात बसून मारू शकत नाही. तो काढू नका! कितीतरी गॅरेजात "चांगला घासून देतो" म्हणत तो काढतात. फक्त ३२० किंवा ४०० नंबरने हलका मॅट करायचा आणि पुढे जायचं.

जुना रंग घट्ट असेल, नुसती चमक गेली असेल, तरी पूर्ण उघडं करू नका. जिथे फुगलाय, पांढरी पावडर आलीय, तेवढाच भाग धातूपर्यंत न्या आणि कडा लांबपर्यंत उतरत्या घासा. पूर्ण उघडं करायचं ते तेव्हाच जेव्हा खाली तीन-चार मालकांचे तीन-चार रंग बसलेत आणि कशावर काय मारलंय कुणालाच माहीत नाही. जुन्या लँड रोव्हरच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच असतं, वरचा हिरवा ब्रशने मारलेला ऑइल पेंट निघतो.

२. सामान

हे सगळं आधी जमवा, एकदा घासायला लागलात की दुकानात पळायला वेळ नसतो.

- ८०, १२०, १८०, २४०, ३२०, ४०० नंबरचे घासायचे पेपर (नंबर जेवढा लहान तेवढा पेपर खरखरीत), सगळे कोरे. लोखंडावर वापरलेला एकही नको.
- मरून रंगाचे स्कफ पॅड, म्हणजे घासणीसारखे घासायचे पॅड
- ऑर्बिटल सँडर (घासायचं मशीन) असेल तर उत्तम, नसेल तर हाताचा ब्लॉक
- कंपनीचं वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल
- धागे न सुटणारे पांढरे कपडे, भरपूर
- बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, पाच लिटरचा कॅन
- नायट्राइल ग्लोव्हज
- इपॉक्सी प्रायमर, त्याचाच हार्डनर, त्याचाच थिनर
- टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) सरफेसर, म्हणजे इपॉक्सीवर मारून सपाट घासायचा थर, शक्यतो त्याच कंपनीचा
- मोजायचे मग आणि गाळणी
- स्प्रे गन, कंप्रेसर, आणि कंप्रेसरच्या पुढे पाणी अडवणारा फिल्टर
- ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क

शेवटच्या दोन गोष्टींवर लोक पैसे वाचवतात. फिल्टर नसेल तर टाकीतलं पाणी बारीक तुषार होऊन प्रायमरमध्ये जातं. आणि मास्कबद्दल सांगायचं तर टू-के सरफेसरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला लागलं तर कायमचा दमा होऊ शकतो, त्याला वासही धड येत नाही, आणि रुमाल किंवा साधा कापडी मास्क बांधून काहीही उपयोग नाही. इपॉक्सीच्या हार्डनरने त्वचेला ॲलर्जी होते, एकदा झाली की परत परत होते. ग्लोव्हज घालाच.

दुकानदाराकडे प्रायमरची टेक्निकल डेटा शीट मागा. तो म्हणेल कुणी मागत नाही. मग कंपनीच्या साईटवरून काढा. ती दोन पानं वाचायला दहा मिनिटं लागतात आणि खाली मी सांगितलेले आकडे आणि त्यातले आकडे वेगळे असतील तर शीटचे खरे धरा.

३. जुना रंग काढणे

रंग काढायचं केमिकल वापरणार असाल तर डब्यावर ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं बघून घ्या. कॉस्टिक सोडा असलेलं काहीही जवळ आणू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं, फेस येतो, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, आणि पत्रा काळपट खडबडीत होतो. बाथरूम साफ करायचं ॲसिडही नको, कुणी कितीही "एकदम चकाचक होतं" म्हणाला तरी. केमिकल लावताना कडा आणि जोडांपासून दोन-तीन बोटं लांब थांबा, दुमडीत शिरलं तर बाहेर निघत नाही आणि नंतर आतून रंग फुगवतं. तिथला रंग हाताने घासून काढायचा.

पेपरने काढायचं तर ८० नंबरच्या खाली जाऊ नका. ग्राइंडरला जाड डिस्क लावून लोखंड घासतात तसं इथे केलं तर दोन गोष्टी होतात: एकतर धातू मऊ असल्याने खोल चरे पडतात जे प्रायमरने भरत नाहीत, आणि दुसरं म्हणजे पत्रा तापून लाटा येतात. लँड रोव्हरच्या सपाट दरवाज्यावर लाट आली की ती कायमची, डेंटरकाकासुद्धा हात टेकतात. सँडर सतत हलता ठेवा, मधे मधे तळवा लावून बघा, हात ठेववत नसेल तर थांबा. वाळूच्या ब्लास्टिंगचंही तेच, पातळ पत्रा ताणला जातो. कास्टिंगला, म्हणजे जाड ओतीव भागाला चालेल, पॅनलला नको.

लोखंडी वायर ब्रश आणि स्टील वूल एकदम बंद. त्याचे बारीक कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पुढे ओल मिळाली की तिथेच गंजाचं छोटं दुकान उघडतं. हेच कारण आहे जुने पेपर न वापरण्याचं.

एक धोक्याची गोष्ट जी कुणी सांगत नाही. ॲल्युमिनियमची बारीक पूड आणि लोखंडाचा गंज एकत्र साठू देऊ नका. हेच मिश्रण पेटवून रेल्वेचे रूळ जोडतात, म्हणजे किती तापतं त्याचा अंदाज घ्या. चासीचा गंज आणि पॅनलचं घासकाम एकाच कोपऱ्यात, वर वेल्डिंगची ठिणगी, असं नको. रोजची पूड रोज झाडून काढा, आणि कधी पेटलीच तर पाणी टाकायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. म्हणून वाळूची बादली जवळ असू द्या.

४. पांढरी पावडर आणि कडा

रंग निघाला की बहुतेक जुन्या पॅनलवर खाली कडेला, लोखंडी फ्रेमला टेकतं तिथे, पांढरी भुकटी आणि खड्डे दिसतात. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मधे पाणी आलं की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. लँड रोव्हरच्या दरवाज्याची खालची कड बघा, आत लोखंडी फ्रेम आहे, बाहेर ॲल्युमिनियम, तिथे नेमकं हे.

सगळी भुकटी काढायची. खड्ड्याच्या तळापर्यंत चमकदार धातू दिसला पाहिजे, करडा ठिपका राहिला तर तो रंगाखाली काम चालू ठेवतो. कागद घडी करून टोकाने घासा, स्टेनलेस स्टीलचा छोटा कोरा ब्रश चालतो. पत्रा आरपार गेला असेल तर प्रायमरचा विषय सोडा, आधी तो तुकडा बदला किंवा ॲल्युमिनियम वेल्डिंग येणाऱ्याकडून भरून घ्या. पोचा काढायचा असेल तर तोही आत्ताच. हे मिश्रधातू ठोकून ठोकून कडक होतात आणि मग चीर जाते, त्यामुळे ठोकणाऱ्याला ॲल्युमिनियमचा अनुभव आहे का विचारून घ्या.

५. धुणं, आणि मग तेल काढणं

हे शेवटच्या घासण्याच्या आधी. लोक उलटं करतात, तेलकट पत्रा घासतात आणि पेपर ते तेल चऱ्यांत नीट भरून ठेवतो.

साबणाच्या पाण्याने धुवा, भरपूर पाण्याने काढा, आणि शेवटचं पाणी डिस्टिल्ड वॉटरचं मारा. आपल्याकडे बोअरचं पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात ते क्षार आहेत आणि त्यावर प्रायमर मारला तर पुढे फोड येतात. दुमडी, जोड, रिव्हेटच्या कडा यात पाणी बसतं, ते हवेने फुंकून काढा, मग उन्हात ठेवा. घाई नको, जोडातलं पाणी वाळायला आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मग दोन कपडे घ्या. एक रिमूव्हरने ओला, एक कोरडा. ओल्याने पुसायचं आणि ते वाळायच्या आत कोरड्याने उचलायचं. वाळू दिलं तर तेल जागच्या जागी परत बसतं. एका वेळी हातभर भाग, कपडा सारखा बदलत. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांनी पुसू नका, मागे तेलकटपणा राहतो. साध्या एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाच्या) थिनरचाही इथे भरवसा नाही, फार पटकन उडतो.

आणि त्या दिवशी आसपास डॅशबोर्ड पॉलिश किंवा टायर शाइन उघडू नका. त्यातलं सिलिकॉन हवेतून येऊन बसलं तरी प्रायमरमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खळगे पडतात.

६. शेवटचं घासणं

आता घड्याळ सुरू. त्याआधी सगळी तयारी हवी: गन साफ, प्रायमरचे डबे हलवून ठेवलेले, मास्किंग झालेलं, जमीन पाण्याने ओली केलेली म्हणजे धूळ उडणार नाही.

कोऱ्या १८० ने सुरुवात करून २४० वर या. इपॉक्सीसाठी एवढं पुरतं. त्याहून गुळगुळीत केलं तर बघायला छान आणि पकड कमी. सगळीकडे एकसारखा मॅट दिसला पाहिजे, कुठेही आरशासारखा ठिपका नको. कोपरे आणि चॅनेल मरून पॅडने.

पूड फुंकून काढा, परत दोन कपड्यांनी पुसा. मग परीक्षा: डिस्टिल्ड वॉटरचा बारीक फवारा मारा. पाणी सलग चादरीसारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन गोळा झालं तर अजून तेल आहे, परत पुसा. मग पूर्ण वाळवा, इथून पुढे उघड्या हाताने स्पर्श नाही.

घासल्यापासून शक्यतो तासाभरात, फार तर दोन-तीन तासांत पहिला हात बसला पाहिजे. रात्रभर ठेवलं तर सकाळी परत घासायचं, त्याला शॉर्टकट नाही. म्हणून मी म्हणेन की एका वेळी दोनच पॅनल घ्या, पूर्ण गाडी एकदम उघडी करून बसू नका.

७. कोणता प्रायमर

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. दुकानात चार गोष्टी पुढे करतात.

लाल रेड ऑक्साईड: गेटला आणि ग्रिलला मारायचा. इथे नको.

पिवळा झिंक क्रोमेट: जुने लोक याचं नाव काढतात आणि ते चुकीचं बोलत नाहीत, विमानांच्या ॲल्युमिनियमवर वर्षानुवर्षं हाच होता. पण क्रोमेट कॅन्सर करणारं आहे, त्याची धूळ घरी घासत बसणं म्हणजे उगाच विषाची परीक्षा.

एच (इंग्रजीत etch) प्रायमर, ज्याला वॉश प्रायमर पण म्हणतात: यात फॉस्फोरिक ॲसिड असतं, ते धातूला हलकं खाऊन धरून बसतं. पकड उत्तम. पण हा अगदी पातळ, आरपार दिसेल इतका मारायचा असतो, साधारण दहा मायक्रॉन. तो पाणी अडवत नाही, त्यामुळे त्याच दिवशी वर दुसरा थर हवा. त्यावर पाण्याने घासायचं नाही. त्यावर थेट पॉलिस्टर पुट्टी नाही, ॲसिडमुळे पुट्टी नीट पिकत नाही. आणि बहुतेक कंपन्या एचवर इपॉक्सी मारायला मनाई करतात, त्यामुळे "दोन्ही मारू, डबल मजबूत" हा विचार डोक्यातून काढा.

इपॉक्सी: दोन डब्यांचा, धातूला धरतो, पाणी अडवतो, वर पुट्टी चालते, सरफेसर चालतो, काम थोडं लांबलं तरी सांभाळून घेतो. घरी किंवा छोट्या गॅरेजात करणाऱ्याने डोळे झाकून हाच घ्यावा असं माझं मत. शीटमध्ये "ॲल्युमिनियमवर थेट चालतो" हे वाक्य आहे ना एवढं बघा, कारण काही इपॉक्सी फक्त लोखंडासाठी असतात.

८. इपॉक्सी मारणे

हवामान बघा. पुण्याच्या बाजूला ऑक्टोबर ते मार्च झकास. जून ते सप्टेंबर शक्यतो नकोच, हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असताना पत्र्यावर न दिसणारी ओल बसते. डिसेंबरात सकाळी लवकर किंवा रात्री मारू नका, १५ अंशांच्या खाली इपॉक्सी पिकायचा फार मंदावतो. मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्यावरही नको, सावलीत, आणि सावकाश उडणारा थिनर मागून घ्या.

प्रमाण मगात मोजून. "अंदाजाने घालतो, वीस वर्षं करतोय" म्हणणाऱ्या भाऊंना प्रेमाने बाजूला बसवा. हार्डनर जास्त घातल्याने लवकर सुकत नाही, उलट थर कच्चा राहतो. ढवळून झाल्यावर काही इपॉक्सींना १५ ते ३० मिनिटं तसंच ठेवावं लागतं, शीटमध्ये असतं ते.

नोझल १.४ ते १.६ मि.मी., गनपाशी साधारण ३० पीएसआय, एचव्हीएलपी (कमी दाबाची, जास्त हवेची) गन असेल तर तिच्यावर लिहिलेलं प्रेशर. कंप्रेसरची टाकी सुरू करण्याआधी खालून पाणी सोडून रिकामी करा. आधी कडा, दुमडी, भोकांच्या आतल्या बाजू, मग सपाट भाग. पहिला हात हलका पण सलग, १५-२० मिनिटं थांबा, दुसरा हात पूर्ण ओला. दोन हातांत ५० मायक्रॉनच्या आसपास होतं तेवढं पुरे. आतली बाजू विसरू नका, बाहेरून कितीही चकाचक केलं तरी पाणी आतून येतं.

९. पुट्टी

इपॉक्सीच्या वर, खाली नाही. उघड्या ॲल्युमिनियमवर साधी पॉलिस्टर पुट्टी ऊन-थंडीत सुटते, कारण धातू आणि पुट्टी तापून सारखे पसरत नाहीत आणि खाली पकडही कमी. इपॉक्सी रात्रभर वाळू द्या, पुट्टी लावायच्या जागी १८० ने हलकं घासा, पातळ थर लावा, कोरडंच घासा. पुट्टी पाणी पिते, वॉटर पेपर इथे नको. घासताना भोवती धातू उघडा पडला तर तिथे परत इपॉक्सीचा पातळ हात. डबीतली एनसी पुट्टी फक्त सुईच्या टोकाएवढ्या भोकांसाठी, आणि खरं सांगायचं तर त्यासाठीही टू-के वाली बरी.

१०. सरफेसर

इपॉक्सीवर शीटमध्ये दिलेल्या वेळेत सरफेसर मारला तर घासायची गरज नसते, दोन्ही थर एकमेकांना धरतात. ती वेळ गेली तर मरून पॅड किंवा ३२० ने मॅट करून मग मारा. दोन-तीन हात, रात्रभर वाळवा, वर काळ्या स्प्रेची हलकी धूळ उडवा आणि ४०० ने ब्लॉक लावून घासा, काळं जिथे राहील तिथे खळगा आहे. शेवट ६०० किंवा ८०० च्या वॉटर पेपरने.

कडेला आणि उंचवट्यावर इथे हमखास धातू दिसायला लागतो, बोटाच्या नखाएवढा. पेंटर म्हणेल वरून रंग येतोय, झाकला जाईल. ऐकू नका. रंगाला स्वतःची पकड नसते, तो ठिपकाच पुढे फुगणार आहे. तेवढ्या जागी परत स्वच्छ करून इपॉक्सी, मग थोडा सरफेसर. तास-दोन तास जातील.

११. परत बसवताना

सरफेसर झाला, रंग झाला, आणि मग फिटर येऊन जुनेच गंजके लोखंडी बोल्ट घट्ट आवळतो, रंग कापला जातो, लोखंड आणि ॲल्युमिनियम परत उघडे समोरासमोर. त्यामुळे बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घाला, भोकाच्या आत ब्रशने इपॉक्सी लावलेलं असू द्या. लोखंडी फ्रेम आणि पत्रा टेकतो तिथे मधे सीम सीलर (जोड बुजवायची लवचिक पेस्ट) किंवा पातळ रबर पट्टी. स्टेनलेस बोल्ट दिसायला छान, पण तेही ॲल्युमिनियमशी तसंच भांडतात, वॉशर त्यांनाही लागतो. दरवाज्याच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात ती पुट्टीने किंवा सीलरने बुजलेली नाहीत ना, तार घालून बघून घ्या.